हरळीवरचा अर्धा गोल्फ

पैठणात गोल्फचं मैदान नाही, आणि नाही तेच बरं. अठरा होलचं पुरतं मैदान करायचं तर सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते. ती बारा महिने हिरवी ठेवायची तर पाणी लागतं. जायकवाडी धरणाचा नाथसागर उशाला असताना पाण्याची काय काळजी, असं परगावच्या माणसाला वाटेल. जायकवाडीचं उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं, त्याची क्षमता शंभर टीएमसीच्या वर आहे, हे सगळं खरं. पण ते भरतं किती आणि कधी, यावरून दर दिवाळीच्या सुमाराला नाशिक-नगरवाले आणि आम्ही यांच्यात कशी जुंपते, ते पेपर वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. संभाजीनगर आणि जालन्याच्या नळांना जाणाऱ्या पाण्यातलं तांब्याभरही कोणाच्या करमणुकीच्या गवतावर शिंपडावं, असं मी गोल्फ खेळणारा असूनही म्हणणार नाही.

तरी मी गोल्फ पैठणातच खेळतो. निदान अर्धा.

हा अर्धा उगाच म्हणायचा म्हणून म्हटलेला नाही, तो हिशोबातला आहे. अठरा होलच्या मैदानाची पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, बहुधा 72 धरतात. त्यात प्रत्येक होलला दोन फटके ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या गुळगुळीत गवतावर नुसते घरंगळवायचे, असं गृहीत असतं. म्हणजे छत्तीस फटके तिथंच गेले. त्यात ग्रीनच्या आसपासचे उचल फटके आणि वाळूतले फटके मिळवा. पिशवीत चौदा स्टिक ठेवायला नियमाची परवानगी आहे, पण सगळ्यांत जास्त वेळा हातात येते ती एकच, ग्रीनवर घरंगळवायची पटर. आणि अडीचशे यार्ड भिरभिरत गेलेला ड्राइव्ह वहीत जसा एक म्हणून मांडतात, तसा होलच्या ओठावरून दोन इंच ढकललेला बॉलही एकच. या बाबतीत गोल्फइतका निर्दय आणि गोल्फइतका समतावादी खेळ मला दुसरा माहीत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं माझी नवी मुंबईत गेली. खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोचं मैदान आहे. तिथं पिढीजात सभासद असावं लागत नाही, पैसे भरून खेळता येतं. पन्नाशी उलटल्यावर मी तिथं हा खेळ शिकलो. शिकवलं कोणी म्हणाल तर पुस्तकांनी थोडं आणि खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींनी पुष्कळ. एक वयस्क कॅडी माझ्या प्रत्येक आखूड फटक्याआधी तेच वाक्य बोलायचे, "साहेब, बॉल उचलायला जाऊ नका. उचलायचं काम स्टिकचं आहे." वेज नावाच्या स्टिकचं पातं मागं कललेलं असतं, छप्पन्न अंशांच्या आसपास. तुम्ही नुसतं खाली मारलंत की ते कललेलं पातंच बॉलला वर काढतं. पण माणसाचं मन असं की बॉल उडवायचा म्हटलं की मनगट आपोआप वर जातं, पात्याची धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल जमिनीलगत सुसाट पलीकडच्या झुडपात जातो. आखूड फटक्यांच्या शिकवणीतला निम्मा भाग म्हणजे मदत करायची ही खोड मोडणं.

निवृत्त झाल्यावर लांब पल्ल्याच्या सगळ्या स्टिक भाच्याला देऊन टाकल्या. एक वेज, दोन पटर आणि बॉलची पिशवी एवढंच घेऊन पैठणच्या घरी आलो. घरामागं जुन्या गोठ्याची मोकळी जागा आहे. तिची लांबी तीस यार्डांच्या आतली. मला तेवढी पुरते.

जागा तयार करताना पहिली गंमत झाली ती गवताची. जगातल्या उष्ण मुलखातली गोल्फची मैदानं ज्या बर्म्युडा गवतावर चालतात, त्याचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. ग्रीनवर लावतात ते तिचेच बुटके संकरित वाण. काळ्या रानात हिच्या काशा वेचता वेचता शेतकऱ्याची कंबर मोडते. बोटभर काशी मातीत राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा हातभर पसरते. मी बांधावरून हरळीची ढेपळं आणून ओळीनं लावायला लागलो, तेव्हा शेजारचे अण्णा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "लोक हरळी काढायला मजूर लावतेत, अन् तुम्ही हरळी लावायला मजूर लावला?" अण्णांचं कापसाचं रान हरळीनं किती वर्षं छळलंय ते मला माहीत होतं. मी नुसता हसलो. आता ते रोज संध्याकाळी येऊन ती वाढते कशी ते बघतात आणि तिला कशाचीच फवारणी लागत नाही याबद्दल तिला शिव्या देतात.

हरळी जवळून बघण्यासारखी असते. तिचे धागे एका दिशेनं सरपटत जातात आणि पाती त्या दिशेला किंचित कलतात. उभं राहून बघितलं तर ज्या बाजूनं गवत चकाकतं तिकडून बॉल ढकलला की तो पात्यांच्या कलानं जातो, अपेक्षेपेक्षा हातभर पुढंच. ज्या बाजूनं तेच गवत गडद, मंद दिसतं तिकडून ढकलला की तो पात्यांच्या टोकांवर अडतो आणि अलीकडंच थांबतो. गोल्फवाले याला ग्रेन म्हणतात आणि हजारो डॉलर घेऊन शिकवतात. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात माझ्या मागच्या जागेत ते फुकट दिसतं.

मग होल. 1891 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी होलचा व्यास कायमचा ठरवून टाकला, सव्वाचार इंच. म्हणजे 108 मिलिमीटर. त्याआधी मसलबर्गला 1829 पासून या मापाचं भोक पाडायचं अवजार होतं. ते माप मुळात सांडपाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावरून आलं असंही सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण पैठणच्या प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा चार इंची पीव्हीसी पाइप बाहेरून 110 मिलिमीटर असतो, हे मी स्वतः पट्टी लावून बघितलं. वीतभर तुकडा कापला, जमिनीत गाडला, झाला होल. बॉल कमीत कमी 1.68 इंचांचा लागतो. म्हणजे होलमध्ये शेजारी शेजारी दोन बॉल मावून वर अर्ध्या बॉलची जागा उरते. कागदावर हे केवढं तरी ऐसपैस वाटतं. सहा फुटांवर उभं राहिलं की तेच होल अंगठीएवढं होतं.

पावसाळ्यात हरळी बघता बघता वाढते, उन्हाळ्यात मी तिला मरू देतो. ती मरत नाही, नुसती पिवळी पडून वाट बघते. चैत्र-वैशाखात मी अंगणात खेळतो. अंगण शेणानं सारवलेलं आहे. सारवलेल्या जमिनीवर बॉल किती धावतो ते बघायला मी ऍल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून एक पन्हळी पट्टी करून घेतली. 1935 मध्ये एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन खेळाडूनं ग्रीनचा वेग मोजायला असंच एक साधन काढलं. तीन फुटी पट्टी, एका टोकाजवळ खाच, खाचेत बॉल ठेवून पट्टी हळूहळू उचलायची, बॉल सुटला की घरंगळत किती फूट जातो ते मोजायचं. स्पर्धांच्या मैदानांवर तो दहा-बारा फूट जातो. आमच्या अंगणात त्याहून पुढं जातो आणि थेट तुळशीवृंदावनाला लागतो. ज्या वेगासाठी परदेशात रोलर फिरवतात, पहाटे उठून गवत मिलिमीटरात कापतात, तो आमच्या घरात शनिवारच्या सारवणानं येतो. तो वेग सांभाळायला शिकायचं म्हणजे बॉल मारणं सोडून द्यायचं आणि खांद्यांचा लंबक नुसता झुलू द्यायचा.

शेजारचा आठवीतला पोरगा या सगळ्यात माझा टीकाकार आहे. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "काका, एवढं हळू मारायला एवढी मोठी काठी कशाला?" उत्तर मला सुचलं नाही. पुढं त्याच्या हातात दुसरा पटर दिला. त्याला गोल्फचं काहीच माहीत नव्हतं, पण तो गोट्यांत तयार होता. गोट्यांच्या डावात पहिली चाल गलीकडं, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खड्ड्याकडं, टाकायची असते. जो गलीच्या सगळ्यांत जवळ जाईल त्याचा पहिला डाव. गलीत पडली तर सोन्याहून पिवळं, पण पलीकडं फार गेली तर मेला. मधलं बोट ताणून सोडलेल्या त्या एका टिचकीत अंतराचा, उताराचा, मातीच्या भुसभुशीतपणाचा हिशोब एकदम होतो आणि तो कोणी शिकवलेला नसतो. त्या पोरानं पटर धरला वेडावाकडा, पण बॉल होलच्या पल्याड वीतभर जाऊन थांबला. मी शाबासकी दिली, तर तो मलाच म्हणाला, "काका, तुम्ही बॉलकडं बघून मारता. गलीकडं बघा की."

हे ऐकून मला जॉर्डन स्पीथ आठवला. 2015 मध्ये मास्टर्स आणि यू. एस. ओपन अशा दोन्ही स्पर्धा जिंकणारा हा अमेरिकन पोरगा जवळचे पट, म्हणजे ग्रीनवरचे घरंगळते फटके, मारताना बॉलकडं नाही, होलकडं बघायचा. समालोचकांना त्याचं केवढं अप्रूप! आमच्या गल्लीतल्या पोराला नव्हतं, कारण गोटीकडं बघून गोटी मारणारा माणूस त्यानं पाहिलेलाच नव्हता. मीही आता चार फुटांच्या आतले पट तसेच मारतो. हात आपोआप शहाणे होतात.

ग्रीनबाहेरून मारायच्या आखूड फटक्याला चिप म्हणतात, आणि माझा जीव खरा त्यात रमतो. जमिनीवर एक पंचा पसरायचा. बॉल होलमध्ये घालायचा नाही, पंच्यावर पाडायचा. पाय जवळजवळ, वजन डाव्या पायावर, हात बॉलच्या किंचित पुढं, मनगटं गप्प. बॉल पंच्यावर टप्पा घेतो आणि उरलेलं अंतर घरंगळत जातो. उडणं थोडं, घरंगळणं जास्त. पंचा पुढं-मागं सरकवत गेलं की एकाच स्टिकनं किती तऱ्हेचे फटके निघतात ते कळतं. एक बॉल मारून तो आणायला चालत जावं, हे माझं मत. बादलीभर बॉल ओतून एकापाठोपाठ एक हाणत सुटलं की हात गरम होतो आणि मन मात्र गाफील राहतं. मैदानावर दुसरी संधी कुठं असते? जुन्या कॅडींचा नियम असा की घरंगळवता येईल तिथं उडवू नये, आणि थोडं उडवून भागेल तिथं उंच उडवू नये. टीव्हीवर फिल मिकलसन बॉल सरळ आभाळात उडवून होलशेजारी अलगद ठेवायचा. ते बघून ज्यांनी ज्यांनी तसं करायला घेतलं, त्यांच्या वह्यांत काय लिहिलं गेलं ते मी खारघरला डोळ्यांनी बघितलंय.

आता एक प्रामाणिक अडचण. आखूड खेळाचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे डेव्ह पेल्झ. नासात पदार्थवैज्ञानिक म्हणून काम केलेला हा गृहस्थ गोल्फकडं वळला आणि आयुष्यभर माणसांचे फटके मोजत बसला. त्याचा निष्कर्ष, साठ टक्क्यांहून जास्त फटके होलपासून शंभर यार्डांच्या आत मारले जातात, म्हणून सराव तिथंच करा. चुकलेला पट होलच्या पुढं साधारण सतरा इंच गेला पाहिजे, हाही त्याचाच हिशोब. कारण होलभोवती खेळाडूंच्या पायांनी जमीन दबते, अगदी काठाशी कोणी पाय देत नाही म्हणून तिथं बारीक उंचवटा राहतो, आणि मरत आलेला बॉल त्या खडबडीत जागेत भरकटतो. (माझ्याकडं तेच काम शेजारच्या कोंबड्या करतात.) पण 2014 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांचं पुस्तक आलं. त्यांनी व्यावसायिक स्पर्धांतल्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूत जो फरक पडतो, त्यातला ढोबळ दोन तृतीयांश शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांनी पडतो. आखूड खेळाच्या भक्तांना हा चांगलाच दणका होता.

दोघंही खरं बोलतात. आखूड फटके संख्येनं जास्त, पण त्यातले पुष्कळसे सगळ्यांनाच जमतात. तीन फुटांचा पट व्यावसायिक खेळाडू शंभरात चार-पाच वेळाच चुकतो. आठ फुटांवरून मात्र त्याचेही निम्मेच जातात, हे टीव्हीवर कधी कळत नाही, कारण टीव्ही आघाडीवरच्यांचे गेलेले पट दाखवतो. तेव्हा मोठा खेळाडू व्हायचं असेल तर लांब मारायला शिकलंच पाहिजे. प्रश्न एवढाच की कोणाला काय शिकणं शक्य आहे. साठीत खांदा आणि कंबर नवी मिळत नाही, आणि मैदान सव्वाशे एकराचं मिळत नाही. शिकता येण्याजोगा जो अर्धा उरतो, तो शिकावा.

आणि गंमत म्हणजे हा अर्धा खेळ ज्यांनी थोर केला, त्यातल्या पुष्कळांना उरलेला अर्धा नाकारलेलाच होता. सेव्ह बायेस्तेरोस उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या या किनाऱ्यावरच्या गावातल्या शेतकऱ्याचा पोर. गावात श्रीमंतांचा क्लब होता. तिथं हा कॅडी. खेळायची परवानगी नाही. भावाकडून मिळालेली एकच जुनी तीन नंबरची आयर्न घेऊन तो समुद्राच्या वाळूत खेळायचा. या स्टिकचं पातं फारसं कललेलं नसतं, तिच्यानं बॉल उंच उडवून मऊ पाडणं म्हणजे कढईनं भाकरी भाजणं. त्यानं ते साधलं, कारण दुसरी स्टिक नव्हतीच. 1976 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, शेवटच्या होलवर त्याचा बॉल ग्रीनच्या डाव्या बाजूला होता आणि मध्ये वाळूचे दोन खड्डे. सगळ्यांना वाटलं हा उंच उडवणार. त्यानं दोन खड्ड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेतून बॉल घरंगळवत होलपाशी आणला, पट घातला आणि जॅक निकलसबरोबर दुसऱ्या स्थानाची बरोबरी साधली. पुढं त्यानं ती स्पर्धा तीनदा आणि मास्टर्स दोनदा जिंकली, पण जाणकार अजून त्या चिपबद्दलच बोलतात.

मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, 1927 पासूनचा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली कॅडींची आणि त्यांच्या पोरांची एक गोल्फची तऱ्हा आहे. बांधकामाच्या सळया वाकवून केलेल्या स्टिक, प्लॅस्टिकचा बॉल आणि मैदान म्हणजे वस्तीतल्या गल्ल्या. दोन घरांमधलं अंतर हाताच्या पंजांनी मोजावं एवढं. तिथं लांब फटका मारलात तर तो कोणाच्या तरी चुलीवर जाणार, म्हणून सगळा खेळ आखूडच. देशी-परदेशी छायाचित्रकार जाऊन त्याचे फोटो काढून आले, बातम्या झाल्या. फोटोंत दारिद्र्य दिसतं. मला त्यात मनगटं दिसतात.

नाशिकची गोष्ट याच्या उलट. तिथं साहेबांच्या काळात गोल्फ क्लबचं मैदान होतं. कलेक्टर जॅक्सनला 1909 मध्ये गोळी घालणाऱ्या अनंत कान्हेरे यांचं नाव आज त्या मैदानाला आहे, तिथं रणजीचे सामने होतात. रिक्षावाल्याला मात्र अजून "गोल्फ क्लबला सोडा" असंच सांगतात. साहेब गेला, खेळ गेला, नाव उरलं. मोठ्या मैदानावरचा मोठा खेळ असाच असतो, जागा गेली की तोही जातो.

आखूड खेळाच्या ताकदीचा आपल्याकडचा सगळ्यांत मोठा दाखला गोल्फ खेळणाऱ्या अदिती अशोकचा. 7 ऑगस्ट 2021, शनिवार. त्या सकाळी टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती पदकाच्या शर्यतीत होती आणि घराघरांत लोक बर्डी म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होते. जगाच्या क्रमवारीत ती दोनशेच्या आसपास, नुकतीच कोविडमधून उठलेली. सोबत खेळणाऱ्या पोरींचे ड्राइव्ह तिच्यापेक्षा कितीतरी पुढं पडत होते, आणि तरी चार दिवस ती त्यांना सोडत नव्हती, कारण ग्रीनवर आली की ती चुकत नव्हती. शेवटच्या होलवरचा तिचा पट होलच्या जवळून गेला, आत गेला नाही. एका फटक्यानं कांस्य हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णात गेला आणि सकाळचा गोल्फ विसरला गेला. मी विसरलो नाही. लांब मारणं जमत नसताना माणूस ऑलिम्पिकच्या पदकापासून एका फटक्यावर जाऊ शकतो, याची ती सरकारी नोंद आहे.

वाळूतला सराव राहिलाच. वाळूतून बॉल काढायची हल्लीची वेज ही जीन सॅराझेन या खेळाडूची करामत. विमानाची शेपटी खाली गेली की विमान वर उठतं, हे पाहून सुचलं असं तो सांगे. त्यानं स्टिकच्या बुडाला शिसं चढवलं, म्हणजे पातं वाळूत रुतायच्या ऐवजी सरकून वर यावं, आणि 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. बॉलला शिवायचंच नाही, त्याच्या मागची दोन बोटं वाळू उडवायची. गोदावरीच्या पात्रात याचा सराव करावा असं फार मनात होतं. पण गोल्फसाठी वाळू पाहिजे तर पात्रात वाळू उरली पाहिजे. रात्री वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांना हे कोण सांगणार?

फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या यात्रेत, पैठण माणसांनी भरून जातं. आमच्या मागच्या जागेतही दिंडीचा तंबू पडतो आणि माझा खेळ बंद होतो. गेल्या यात्रेत एक म्हातारे वारकरी पाइपाच्या तुकड्याकडं बघत म्हणाले, "माऊली, हे भोक कशाचं?" मी पटर दिला. धोतर सावरून त्यांनी बॉल ढकलला. तो गेला नाही, पण गेला असता. भोवतीच्या बायका हसल्या, एकीनं पटर ओढून घेतला. मग पोरं, मग टाळकरी. तासभर रांग होती. संत एकनाथांनी फुगडी, हुतुतू असल्या खेळांवर भारुडं रचली, त्यांच्या गावात वारकऱ्यांनी पटर हातात घेतला म्हणून काही बिघडलं असं मला वाटलं नाही.

सेंट अँड्र्यूजमध्ये, गोल्फच्या पंढरीतच, 1867 मध्ये बायकांनी आपला पटिंग क्लब काढला. त्या काळी बाईनं काठी खांद्याच्या वर उगारणं अशिष्ट समजलं जाई, म्हणून त्यांच्या वाट्याला नुसतं घरंगळवणं आलं. त्यांनी उंच-सखल हिरवळीचा एक तुकडा घेतला आणि तिथं तेवढंच खेळल्या. त्या तुकड्याला हिमालय म्हणतात. तो आजही चालू आहे, किरकोळ पैसे भरून कोणीही, आजी-नातू, सहलीला आलेली शाळकरी पोरं, तिथं पटर घेऊन खेळू शकतात.

आपल्याकडं धरणाच्या पायथ्याशी ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ते केलेलं आहे. त्याचं नूतनीकरण कोणी, केव्हा, किती कोटींचं करायचं, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं गुंठा-दोन गुंठ्यांचं आहे. उद्यानाच्या एका कोपऱ्यात हरळी लावा. ती बांधावर फुकट मिळते, शेतकरी वर चहा पाजून देतील. आठवड्यातून दोनदा कापा, नऊ ठिकाणी चार इंची पाइपाचे तुकडे गाडा, आणि तासाला दहा रुपये घ्या. पाणी एखाद्या टँकरच्या आत भागेल, आणि उन्हाळ्यात तेही देऊ नका. पैठणी बघायला, नाथांच्या दर्शनाला आलेली माणसं तासभर तिथं रेंगाळतील. सुरुवातीला लागणारे दोन पटर माझ्याकडे आहेत. निरोप धाडा, आणून देतो.